चार विटांचा माणूस



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा गिरणी, संप, बोनस किंवा कायदा यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही सांगितले, "खेळण्यातल्या विटा आणि त्यांच्याबरोबर येणारी लहान माणसे." चालक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "यात इतिहास कोठे आहे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या कामात उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी आम्ही गेलो होतो. त्यांचा बारा वर्षांचा नातू जमिनीवर चादर पसरून बसला होता. चादरीवर रंगीत विटांचा ढीग होता आणि बाजूला बोटाच्या दोन पेरांएवढी माणसे ओळीने उभी केलेली. मुलाचा काका यंत्र बसविण्याच्या कामावर जर्मनीत गेला होता. तेथल्या जुन्या बाजारात या विटा वजनावर विकतात. त्याने पिशवीभर आणल्या होत्या.

मुलाने दोन अंतराळवीर आमच्या हातावर ठेवले. दोघेही तांबडे, दोघांच्याही छातीवर तेच पिवळे चिन्ह. तो म्हणाला, "काका, यातला जुना कोणता, सांगा." आम्ही चष्मा पुसून पाहिले. आम्हांला दोघे सारखेच दिसले. मुलगा हसला. "शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी बघा. एकाची पातळ आहे आणि तिथे चीर गेली आहे. दुसऱ्याची जाड आहे. पातळ पट्टीचा तो जुना. पट्टी तुटायची, म्हणून पुढे त्यांनी जाड केली."

आजोबा खाटेवरून हे ऐकत होते. त्यांनी ढिगातली एक वीट उचलली, उलटी केली आणि आतल्या बाजूचा बारीक आकडा आम्हांला दाखविला. ते अहिराणीत म्हणाले, "हाई डायनं निशान शे, भाऊ." कोणत्या साच्याच्या कोणत्या खणातून हा नग पडला, ते त्या आकड्यावरून कळते. खराब नग सापडला की तो आकडा पाहून नेमका तो साचा उतरवून दुरुस्त करावयाचा.

नातवाला वस्तूचे वय कळत होते आणि आजोबांना तिची जन्मकथा कळत होती. दोघांचे ज्ञान एकत्र केले तर इतिहास तयार होतो, असे आम्हांला त्या चादरीवर बसल्या बसल्या वाटले. आजचे आमचे सांगणे एवढेच आहे, की वस्तूतला बारीक फरक हा कोणाच्या तरी गरजेचा, चुकीचा, मागणीचा किंवा हाताचा ठसा असतो. तो ओळखणारा मनुष्य इतिहासाच्या दारापर्यंत आलेला असतो. दार उघडून आत जाणे एवढेच त्याचे बाकी राहते.

आता प्रथम विटेची हकीकत पाहू.

मुलाने तुकडे जोडून काहीतरी उभारावे, ही कल्पना प्लॅस्टिकपेक्षा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी बालोद्यानाची पद्धत काढली, तीत लाकडी ठोकळ्यांना शिक्षणाचे साधन म्हणून मानाचे स्थान होते. 1901 साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या व मळसूत्रे यांच्या खेळाचे पेटंट घेतले. तोच पुढे 'मेकॅनो' या नावाने जगभर गेला. इंग्लंडातच हिलरी फिशर पेज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा तयार केल्या.

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचे एक खेडे होते. तेथे ओले कर्क क्रिस्तियानसेन हा सुतार घरे व शेतकऱ्यांचे लाकूडकाम करी. 1924 साली त्याचे दुकान व घर जळाले. पुढे जागतिक मंदी आली, शेतकऱ्यांच्या हातात पैसा राहिला नाही आणि सुतारकाम बसले. तेव्हा 1932 पासून तो शिड्या, इस्त्रीचे पाट आणि लाकडी खेळणी बनवू लागला. 1934 साली त्याने 'छान खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून 'लेगो' हे नाव घेतले. त्या कारखान्याची एक आठवण सांगतात. मुलाने लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात व्हार्निश देऊन माल रवाना केला आणि केवढा पैसा वाचविला म्हणून बापाला सांगितले. बापाने त्याला स्टेशनावर परत पाठविले, पेट्या आणावयास लावल्या आणि रात्रभर बसवून तिसरा हात देवविला. कारखानदारांच्या आठवणी आम्ही नेहमीच थोड्या पारखून घेतो. पण ही आठवण त्यांनी जपली, यातच त्यांना कशाचा अभिमान होता ते दिसते.

युद्ध संपल्यावर या सुताराने प्लॅस्टिक साच्यात भरण्याचे यंत्र आणले आणि 1949 साली आपल्या विटा बाजारात आणल्या. त्या पेज यांच्या विटांवरून घेतलेल्या होत्या. पेज 1957 साली वारले. त्यांच्या विटेचे हक्क लेगोने पुढे 1981 साली विकत घेतले. मूळ कल्पना एकाची आणि जगभर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार उद्योगाच्या इतिहासात नवा नाही. परंतु नक्कल म्हणून सोडून द्यावे इतकेही हे प्रकरण सोपे नाही. त्या पहिल्या विटा आतून पोकळ असल्यामुळे घट्ट धरत नसत. उंच मनोरा हालविला की कोसळे. 28 जानेवारी 1958 रोजी, ओले कर्कचा मुलगा गोटफ्रेड याने नव्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. विटेच्या आत उभ्या नळ्या घातल्या, त्यामुळे वरच्या गुंड्या खालच्या नळ्यांच्या मध्ये दाबून बसू लागल्या. सगळे रहस्य त्या पकडीत आहे. वीट घट्ट बसली पाहिजे आणि लहान मुलाच्या बोटांनी सुटलीही पाहिजे. त्यासाठी साचा मिलिमीटरच्या हजारांश भागांपर्यंत नेमका लागतो. त्यामुळेच 1958 ची वीट आजच्या विटेवर बसते.

आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती प्रकारांनी जोडता येतील? गणितज्ञांनी हिशेब केला आहे: 91,51,03,765. खेळातले एवढे स्वातंत्र्य त्या नेमक्या साच्यातून येते. आमच्या कारखान्यांत शिस्त आणि स्वातंत्र्य यांचे नेहमी भांडण असते. या विटेत ती दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात, याचे आम्हांस कौतुक वाटते.

जळगावकरांना हे सगळे समजावयास कठीण नाही. आपल्या गावाला प्लॅस्टिकचा दाणा ठाऊक आहे. येथे त्याच्या चटया विणल्या जातात, शेतीचे पाइप निघतात. पाइप काढताना वितळलेले प्लॅस्टिक एका तोंडातून सतत पुढे ढकलतात. वीट मात्र बंद साच्यात दाबाने भरून, थंड करून, एकेक पाडतात. जुन्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. त्या काळाने वाकत आणि त्यांचा रंग उतरे. 1963 पासून एबीएस नावाचे कणखर प्लॅस्टिक आले. म्हणून संग्राहक जुनी वीट सपाट काचेवर ठेवून पाहतो. ती डगमगली तर ती 1963 च्या आधीची असण्याचा संभव अधिक. आपल्या आया मडके वाजवून पारखीत, त्यातलाच हा प्रकार.

विटा झाल्या, घरे झाली, पण घरांत राहावयास कोणी नव्हते. 1974 साली लेगोने विटांची मोठी माणसे काढली. ती घरांच्या मानाने फारच मोठी झाली. 1975 साली लहान माणसे आली, पण त्यांना हलणारे हात नव्हते, वेगळे पाय नव्हते आणि चेहराही नव्हता. 1978 साली येन्स निगोर्ड क्नुडसेन या रचनाकाराने घडविलेला माणूस बाहेर पडला. त्याचे हात फिरतात, पाय पुढेमागे होतात, मूठ वस्तू धरते. टोपीवाचून त्याची उंची बरोबर चार विटांएवढी असते. घराचे माप आणि माणसाचे माप तेथे प्रथमच एक झाले.

या चार विटांच्या माणसात गेल्या 48 वर्षांत जे फरक पडले, ते हुडकणे हा आज जगभर हजारो लोकांचा छंद आहे. त्यांतले काही फरक आपण पाहू. शिरस्त्राणाची पट्टी तुम्ही ऐकलीच. त्या अंतराळवीरांचे रंगही सांगतात: तांबडे व पांढरे 1978 चे, पिवळे 1979 चे, निळे व काळे 1984 चे. डोक्यावरची गुंडी आधी भरीव असे, पुढे तीत भोक आले. मुलाने डोके गिळले आणि ते घशात अडकले तर श्वासाला वाट राहावी म्हणून ते भोक आहे. यंत्राला जाळी किंवा पट्ट्याला आवरण बसविण्यासाठी आम्ही कारखान्यांत वर्षानुवर्षे भांडलो आहोत. म्हणून या भोकाकडे आम्ही आदराने पाहतो. सुरक्षिततेचा नियम वस्तूच्या अंगावर कसा उमटतो, याचे इतके लहान उदाहरण आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. पहिली अकरा वर्षे सगळ्या माणसांचा चेहरा एकच होता: दोन काळे ठिपके आणि एक स्मित. शिपाई असो, परिचारिका असो, सरदार असो, सर्वांना तेच स्मित. रंग पिवळा, कारण तो कोणत्याच वंशाचा नाही असे कंपनीचे म्हणणे. 1989 साली चाचे आले आणि त्यांच्याबरोबर दाढी, मिशी, डोळ्यावरची पट्टी, आकड्याचा हात व लाकडी पाय आले. तेव्हापासून प्रत्येकाला आपापला चेहरा मिळू लागला. 2003 साली खरे बास्केटबॉलपटू आणि चित्रपटांतली पात्रे यांच्या प्रतिकृती काढावयाच्या झाल्या. कृष्णवर्णीय खेळाडूला पिवळा कसा दाखवावा, हा प्रश्न तेथे उभा राहिला आणि माणसाच्या कातडीचे खरे रंग प्रथमच आले. 'सर्वांचा' म्हणून जो रंग पंचवीस वर्षे चालला होता, त्यात सगळे सामावत नव्हते, हे त्या दिवशी उघड झाले.

स्त्रियांचेही तसेच. 1978 सालची पहिली स्त्री परिचारिका होती. 2014 साली एका शास्त्रज्ञ बाईंनी सुचविलेला संच आला, त्यात तीन स्त्रिया होत्या: एक आकाशाचा वेध घेणारी, एक प्राचीन प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करणारी आणि एक रसायनशास्त्रज्ञ. तो संच पाहता पाहता संपला. अपंग मुलांच्या पालकांनी व इतरांनी सह्यांची मोहीम चालविली आणि 2016 साली चाकाच्या खुर्चीत बसलेला तरुण आला. मागणी केल्यावाचून काही मिळत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा खेळण्यांच्या दुनियेतही खराच आहे. संग्राहकाच्या फळीवर ही माणसे वर्षांच्या क्रमाने लावली, तर समाजात कोणाला केव्हा चेहरा मिळाला याचा एक तक्ताच तयार होतो.

परंतु श्रोतेहो, सगळे फरक या जातीचे नसतात. गरजेतून पडलेला फरक वेगळा आणि विक्रीसाठी पाडलेला फरक वेगळा. 2010 पासून कंपनीने एकेक माणूस बंद पाकिटात घालून विकावयास सुरुवात केली. एका मालिकेत सोळा प्रकार, आणि आत कोणता आहे ते बाहेरून कळू नये ही योजना. संग्राहकही काही कमी नव्हते. पहिल्या काही पाकिटांवरच्या पट्ट्यांच्या खुणा निराळ्या होत्या, त्या त्यांनी पाठ केल्या. पुढे पाकिटाच्या कडेला उठावाचे ठिपके येऊ लागले, तेही वाचले. ठिपक्यांचीही सोय राहिली नाही तेव्हा ते दुकानात उभे राहून पाकिटे चाचपू लागले. ही तलवार, हे पंख, ही टोपी, असे बोटांनी ओळखणारे तरबेज लोक तयार झाले. 2023 साली पाकिटाच्या जागी पुठ्ठ्याची पेटी आली आणि बोटांची ती विद्या निरुपयोगी झाली. 2013 साली दहाव्या मालिकेत सोनेरी माणूस घातला होता. साऱ्या जगासाठी नग फक्त 5000. तो दुर्मिळ आहे, कारण तो दुर्मिळ ठेवला. त्याच्या अंगावर कोणाची चूक नाही, सुधारणा नाही, मागणीही नाही. त्याच्याकडून बाजाराची रीत तेवढी शिकता येते. तुटक्या पट्टीचा अंतराळवीर आम्हांला त्याच्याहून मोलाचा वाटतो.

कायद्याची एक हकीकतही येथे सांगण्यासारखी आहे. विटेच्या आकारावर आपली कायमची व्यापारमुद्रा असावी म्हणून लेगो युरोपच्या न्यायालयात गेली. 2010 साली वरिष्ठ न्यायालयाने नाही म्हटले. विटेचा आकार हा तिच्या कामासाठी आवश्यक आहे आणि अशा उपयोगी आकारावर एकाची कायमची मालकी राहू शकत नाही, असा तो निकाल. 2015 साली माणसाच्या आकाराविषयी तसाच वाद झाला, तेथे मात्र कंपनीची मुद्रा टिकली. तात्पर्य, युरोपात वीट कोणीही पाडावी, पण त्या चार विटांच्या माणसावर मालकाचा शिक्का राहिला. आमच्यासारख्याला हा निकाल वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

आपल्याकडे ही खेळणी किमतीने जड आहेत. 2020 च्या अर्थसंकल्पात परदेशी खेळण्यांवरची जकात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली आणि 2023 साली 70 टक्के झाली. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची मुद्रा सक्तीची झाली. देशी कारखान्यांना हात मिळावा आणि मुलांच्या तोंडी विषारी रंग जाऊ नये हा हेतू. तो योग्यच आहे. परंतु हंगामी कामगाराचा मुलगा त्या झगझगीत पेटीकडे काचेबाहेरूनच पाहतो, हेही तितकेच खरे. तो आठवड्याच्या बाजारातल्या हातगाडीवरून पिशवीतल्या बिननावाच्या विटा आणतो. त्या ढिल्या बसतात, मनोरा कोसळतो, आणि तो पुन्हा बांधतो. या बाबतीत ताराबाई मोडक यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी पद्धतीची महाग साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी व अनुताई वाघ यांनी खडे, शंख, शिंपले, बिया, पाने यांचीच साधने केली. मोजणे, जुळविणे, फरक ओळखणे हे सारे त्यांवर शिकविता येते, हे त्यांनी करून दाखविले. म्हणजे फरक ओळखण्याची दृष्टी ही पेटीबरोबर विकत मिळत नाही, आणि पेटी नाही म्हणून ती अडतही नाही.

ही दृष्टी केवढे काम करू शकते, याचे दाखले आपल्या खानदेशातच आहेत. तापीकाठी सावळदा नावाचे गाव आहे. तेथे मिळालेल्या रंगीत खापरांवरून ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला 'सावळदा संस्कृती' हे नाव पडले. पुढे प्रवरेकाठी दायमाबादच्या उत्खननात सर्वांत खालच्या थरात याच जातीची खापरे निघाली आणि तेथील वस्तीचा प्रारंभ कोठे धरावयाचा ते ठरले. खापराची कड, रंग, रेघ यांतला फरक पाहून पुरातत्त्ववेत्ता काळ सांगतो. त्या बारा वर्षांच्या मुलाने शिरस्त्राणाच्या पट्टीवरून काळ सांगितला. दोघांची रीत एकच.

धुळ्याचे तर बोलावयासच नको. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरे गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे असे 22 खंड झाले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि 1927 साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवून वाग्देवता मंदिर उभारले. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, खेळणी अशा घरगुती वस्तूंचे संग्रहालय केले आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. लोकांनी टाकलेल्या वस्तूंत मोल पाहणारी ही माणसे होती. त्यांच्या काळी त्यांनाही 'हे काय जमविता?' असे विचारणारे भेटले असतीलच.

आता शेवटचा भाग. तो आमच्या अंगावर येणारा आहे, पण सांगितला पाहिजे.

आपल्याकडे विटांचे संच नव्हते तेव्हा आपली मुले काय करीत होती? दिवाळीत किल्ला करीत होती. किल्ल्याची धामधूम पुण्याकडे जितकी, तितकी खानदेशात नव्हती. तरी शहरांतल्या वाड्यांत आणि चाळींत दरसाल दोनचार किल्ले उठतच. धुळ्याच्या मुलांना लळिंग डोळ्यांसमोर, पारोळ्याच्या मुलांना गावातलाच भुईकोट. दगड रचावयाचे, वर गोणपाट आणि चिखल, त्यावर अळीव पेरावयाचे, वर सिंहासनावर महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे. बाजारातून मातीची माणसे येत: भालदार, घोडेस्वार, गवळण, भाजीवाली. आणि भुलाबाई! भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर खानदेशात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलाबाई आणि भुलोजी शेजारी बसलेले, मांडीवर बाळ गणपती. पोळ्याला ज्याच्या घरी बैल नाही त्याच्या घरी मातीची बैलजोडी. हीच आपली लहान माणसे आणि हेच आपले संच.

आमच्या लहानपणी चाळीच्या मागच्या आळीत एक म्हातारी भुलाबाई करी. तिच्याजवळ दोन पाळ्यांचे जुने साचे होते. माती दाबावयाची, दोन्ही अर्धे जुळवावयाचे, सांधा ओल्या बोटाने पुसावयाचा. साचा झिजत गेला तशी भुलाबाईच्या नाकाची धार बोथट होत गेली. मग ती काडीने नाक कोरून काढी. त्यामुळे तिची प्रत्येक भुलाबाई थोडी निराळी असे आणि आमच्या बहिणी, "आमची हसरी, तुमची रुसकी," म्हणून भांडत. साच्यातली वस्तू आणि हातातली वस्तू यांच्या मधली जागा म्हणजे ते कोरलेले नाक. ती म्हातारी केव्हा गेली आणि तिचे साचे कोणी टाकून दिले, ते आम्हांला सांगता येत नाही. भुलाबाईचे विसर्जन होते, किल्ला पाण्याने ढासळतो, मातीचा बैल पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. या वस्तू न टिकणे हाच त्यांचा धर्म. पण त्या करणाऱ्या हातांची नोंद तरी टिकावयास हवी होती.

आम्ही आयुष्यभर मालकांकडे हजेरीपट मागितला. कंत्राटदाराच्या वहीत नाव नाही म्हणून कामगाराची भरपाई बुडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रत्येक माणसाचे नाव कागदावर पाहिजे, यासाठी आम्ही दारोदार हिंडलो. आणि ज्या बाईने आमच्या सगळ्या आळीला महिनाभर आनंद दिला, तिचे नाव आम्ही कधी विचारले नाही. आम्ही तिला 'भुलाबाईवाली' म्हणत होतो, एवढेच आमच्याजवळ शिल्लक आहे. डेन्मार्कच्या एका शिरस्त्राणाची पट्टी केव्हा जाड झाली ते जळगावचा मुलगा सांगू शकतो. खानदेशच्या भुलाबाईचा पदर केव्हा बदलला, माती जाऊन प्लॅस्टर केव्हा आले, ते सांगणारे आपल्यात किती निघतील? याचा दोष त्या मुलाकडे मुळीच नाही. त्याला त्याच्या वस्तूंची यादी, वर्षे आणि चित्रे मिळतात, कारण कोणीतरी ती नोंदून ठेवली. आपल्या वस्तूंची नोंद आपण ठेवली नाही.

तरी अजून सगळेच गेलेले नाही. सणाच्या दिवसांत बाजारात अजून कोठे कोठे हातची मूर्ती मिळते. तेव्हा आमची विनंती साधी आहे. यंदा भुलाबाई आणाल, बैल आणाल, मावळे आणाल, तेव्हा एक नग जास्तीचा घ्या आणि तो ठेवून द्या. त्याखाली चिठ्ठी चिकटवा: वर्ष, गाव, माती की प्लॅस्टर, साच्याची की हातची, किंमत किती पडली, आणि करणाऱ्याचे नाव. नाव मात्र विचारून घ्या, आणि ते देणाऱ्याच्या मर्जीने लिहा. दहा वर्षांत तुमच्या फळीवर दहा भुलाबाया होतील, आणि त्यांतले फरक आपोआप बोलू लागतील. शाळांनी हे केले तर फार चांगले. एखाद्या संग्रहालयाने कपाट दिले तर त्याहून चांगले.

त्या दिवशी निघताना आम्ही त्या मुलाला विचारले, "तुझ्या अंतराळवीराची तुटकी पट्टी चिकटवून देऊ का?" तो लगेच म्हणाला, "नको काका, चिकटवली तर तो जुना आहे हे कसं कळणार?" आजोबा त्याच्याकडे पाहत होते. मग ते उठले आणि फळीवरचा जुना पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात त्यांनी कामावर असताना जपून ठेवलेले पहिल्या पाळीचे काही बिघडलेले नग होते: अर्धवट भरलेले, एका बाजूला पातळ कड सुटलेले. प्रत्येकाला दोऱ्याने कागद बांधलेला, त्यावर तारीख, यंत्राचा आकडा आणि त्या वेळी यंत्रावर असलेल्या माणसाचे नाव. तीस वर्षे तो डबा तेथेच होता, आणि आम्ही त्या घरी किती वेळा चहा पिऊन गेलो होतो. नातवाने एकेक कागद वाचावयास सुरुवात केली. आम्ही पुन्हा खाली बसलो.